ई-मेलचा सांगावा कसा उलगडतो?

पाकिटावर ४९२००१ हा आकडा असला, की पत्र रायपूरचे हे ओळखण्यास टपाल निवडणाऱ्याला अक्षर लावीत बसावे लागत नाही. पहिले तीन अंक छाननीचा जिल्हा सांगतात, उरलेले तीन वाटपाचे टपालघर. ही पिनकोड-पद्धत संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली.

ई-मेलची छाननीही अशा खुणांवरच चालते. सर्व्हरवरील आज्ञावली टपालपेटी उघडते आणि एकेक पत्र घेते. आरंभी शीर्षओळी : प्रेषक, विषय, दिनांक. मग एक कोरी ओळ, आणि तिच्यापुढे मजकूर. ही कोरी ओळच सीमारेषा होय.

अडचण येते ती मराठीची. ई-मेलचे मूळ नियम १२८ चिन्हांच्या रोमन संचापुरते होते. १९९२ साली ठरलेल्या ‘माइम’ संकेतांमुळे देवनागरी मजकूर रोमन अक्षरांच्या वेषात प्रवास करू लागला. तो वेष उतरविण्याची पायरी जी आज्ञावली विसरते, तिला रायपूरच्या मराठी माणसाचा तक्रारअर्ज म्हणजे निरर्थक अक्षरांची रास वाटते. मग पत्र पोहोचते. गाऱ्हाणे मात्र पोहोचत नाही.