तुझं यकृत खाऊ का?

समजा, तुम्ही तेहरानमध्ये कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलात. दार उघडताच तिथल्या आजी तुमचे दोन्ही गाल धरतात आणि म्हणतात, ‘‘जिगरेतो बोखोरम!’’ सोबतचा दुभाष्या शब्दाला शब्द लावून सांगतो, ‘‘तुझं यकृत खाऊ दे, म्हणतायत.’’

पळायचं ना? त्यातून इराणमध्ये सळईवर भाजलेल्या यकृताची खास दुकानं असतात, म्हणजे संशयाला जागा आहेच! पण थांबा. आजी तुमचे लाड करतायत.

आधी त्या खाण्याचं बघू. गुटगुटीत बाळ दिसलं की आपल्याकडच्या मावश्या, आत्या काय म्हणतात? ‘‘अस्सं वाटतं, खाऊनच टाकावं!’’ (बाळ भोकाड पसरतं, ते वेगळं.) कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी २०१८ साली ५४ जणांच्या डोक्यावर इलेक्ट्रोडच्या टोप्या चढवल्या आणि त्यांना बाळांचे नि प्राण्यांच्या पिल्लांचे फोटो दाखवले. पिल्लाला दाबावं, चावावं असं ज्यांना जास्त वाटलं, त्यांच्या मेंदूतली बक्षिसाने खूश होणारी यंत्रणाही जास्त चाळवलेली दिसली. या ऊर्मीत इजा करायची इच्छा मात्र नसते.

बरं, पण यकृतच का? गाल काय वाईट होते?

दुसऱ्या शतकात गेलन नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. तो म्हणे, खाल्लेल्या अन्नाचं रक्त यकृतात बनतं. हजारेक वर्षांपूर्वीचे थोर हकीम इब्न सिना यांनीही हेच मानलं. रक्त तिथे, म्हणजे जीव तिथे, धाडसही तिथेच! फारसीत ‘जिगर’ म्हणजे यकृत. आपण ‘जिगरबाज’ शब्द उचलला नि यकृत विसरलो. इंडोनेशियात तर कुणी मन दुखावलं की ‘हाती’ दुखते. हाती म्हणजे यकृतच. आणि आपलं काळीज? आई ‘काळजाचा तुकडा’ म्हणते तेव्हा आपल्याला हृदय आठवतं. मटणवाल्याकडे काळीज मागून बघा, तो यकृत तोलून देईल.

१६२८ मध्ये विल्यम हार्वे यांनी दाखवलं, की हृदय तेच रक्त शरीरभर फिरवत राहतं. गेलनचं म्हणणं मागे पडलं. अगदीच खोटं नव्हतं मात्र! तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हा काही महिने तुमच्या रक्तपेशी मुख्यतः यकृतातच तयार होत होत्या. जन्मापर्यंत हाडांतल्या मज्जेने ते काम आपल्याकडे घेतलं.