मालवणचे पर्यटन : गाजावाजा किती, आनंद किती?

शुक्रवारी रात्री मुंबई किंवा पुण्याहून निघायचे, शनिवारी सकाळी मालवण गाठायचे आणि रविवारी दुपारी परतीच्या गाडीत बसायचे, असा शिरस्ता गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. या दीड दिवसात सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा डायव्हिंग, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन दर्शन, रॉक गार्डनवरचा सूर्यास्त आणि सुरमईची थाळी अशी सहा कलमे उरकायची असतात. यादी पूर्ण होते, मोबाइल छायाचित्रांनी भरतो. पण परतीच्या वाटेवर 'एवढेच होते का?' हा प्रश्न अनेकांच्या मनात रेंगाळत राहतो.

हा प्रश्न पडण्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. रत्नागिरीपासून वेगळा होऊन १९८१ मध्ये अस्तित्वात आलेला सिंधुदुर्ग १९९७ मध्ये 'पर्यटन जिल्हा' म्हणून जाहीर झाला. पुढे मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात 'सी वर्ल्ड' नावाचे भव्य सागरी मनोरंजन उद्यान उभारण्याची घोषणा झाली. भूसंपादनाला ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला आणि प्रकल्प कागदावरच राहिला. गंमत अशी की, ते उद्यान उभे न राहताही मालवणचा खुला समुद्रच आता मनोरंजन उद्यानासारखा वापरला जाऊ लागला आहे. खोपोलीजवळच्या उद्यानात कळ दाबली की पाळणा फिरतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तेवढाच वेळ, तेवढाच थरार मिळतो. समुद्राला अशी कळ नाही. तरीही 'पाच खेळ, एकच दर' अशा पाट्या किनाऱ्यावर लागतात आणि अपेक्षाभंगाची सुरुवात तेथूनच होते.

स्कूबा : नाव मोठे, बुडी छोटी

मालवणला येणाऱ्या तरुणाईचे पहिले आकर्षण म्हणजे स्कूबा डायव्हिंग. जाहिरातींतील निळेशार पाणी आणि रंगीत प्रवाळ पाहून आलेल्या पर्यटकाच्या वाट्याला प्रत्यक्षात येते ती काही मीटर खोलीवरची, मोजक्या मिनिटांची बुडी. नौकेवर तोंडाने श्वास घेण्याचा धावता सराव दिला जातो, मार्गदर्शक पाठीवरची टाकी धरून पर्यटकाला खाली नेतो, कॅमेऱ्यासमोर हात हलवून झाला की वर आणतो आणि पुढच्याची पाळी येते. पोहता न येणाऱ्यालाही समुद्राचा तळ पाहता येतो, ही या अनुभवाची जमेची बाजू आहे. मात्र त्याला स्कूबा प्रशिक्षण समजणे म्हणजे घोड्यावर बसून छायाचित्र काढणे आणि घोडेस्वारी शिकणे यांत फरक न करणे होय. रीतसर प्राथमिक अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस लागतात आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत असे प्रशिक्षण दिले जाते.

पाण्याखाली किती दिसणार, हे दराच्या पाटीवर नव्हे, ऋतूवर अवलंबून असते. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, गाळ खाली बसतो आणि पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते. मे महिन्यात वारा वाढला की पाणी गढूळ होते आणि हातभर अंतरावरचेही धूसर दिसू लागते. उन्हाळी सुटीची गर्दी नेमकी याच काळात होते, त्यामुळे निराशाही याच काळात अधिक पदरी पडते. दमा, हृदयविकार किंवा कानाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय बुडी घेऊ नये, ही सूचना गर्दीच्या वेळी हमखास राहून जाते.

येथे पर्यटकाच्या पैशापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे. मालवणचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून, सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर येतो. बुडीसाठी प्रसिद्ध असलेले प्रवाळ याच भागात आहेत. प्रवाळ हा दगड नसून सूक्ष्म जिवांची वसाहत असते आणि ती अतिशय संथ गतीने वाढते. नांगराचा एक फटका किंवा नवशिक्याच्या पायाचा भार अनेक वर्षांची वाढ मोडून टाकतो. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वाघाइतकेच, म्हणजे पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. छायाचित्रासाठी मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटे टाकली जातात, तेव्हा पर्यटकाला वाटते की समुद्र माशांनी भरलेला आहे. वस्तुतः ते मासे आयत्या खाद्याला सोकावलेले असतात.

'त्सुनामी'चे बेट आणि डॉल्फिनची हमी

देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. तेथील वाळूच्या पट्ट्याला 'त्सुनामी आयलंड' असे नाव पडले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत हे बेट वर आले, अशी कथा पर्यटकांना सांगितली जाते. त्या सुनामीचा भीषण तडाखा भारतात अंदमान-निकोबार, तमिळनाडू आणि केरळच्या काही भागाला बसला होता. नदीमुखाशी वाळूचा पट्टा तयार होण्यासाठी सुनामीची गरज नसते. नदीचा प्रवाह आणि भरतीचे पाणी समोरासमोर आले की पाण्याचा वेग मंदावतो आणि सोबत आलेली वाळू खाली बसते. पावसाळ्यातील पूर आणि लाटा त्या पट्ट्याचा आकार बदलत राहतात. भरतीच्या वेळी त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो आणि 'बेट' पाहायला आलेला पर्यटक गुडघाभर पाण्यात उभा राहतो.

या पट्ट्याभोवती जेट स्की, बनाना राइड, बम्पर राइड अशा खेळांची रेलचेल असते. एकेक फेरी पाहता पाहता संपते आणि रांगेत गेलेला वेळ तिच्यापेक्षा अधिक भरतो. हे खेळ गोव्यात, अलिबागला किंवा काशिदलाही आहेत. देवबागचे जे खरे वेगळेपण, ते मात्र दुर्लक्षित राहते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी अशी या गावाची रचना आहे. दर पावसाळ्यात समुद्राच्या माऱ्याला तोंड देत हे गाव उभे आहे. सकाळच्या वेळी साध्या होडीतून कर्ली खाडीत आत शिरले तर कांदळवन, खंड्या, बगळे आणि जाळी टाकणारे मच्छीमार दिसतात. या फेरीची मोठी जाहिरात होत नाही.

डॉल्फिन दर्शनाचेही असेच आहे. येथे किनाऱ्याजवळ आढळणारा हंपबॅक जातीचा डॉल्फिन खाडीमुखाजवळच्या उथळ पाण्यात वावरतो. श्वास घेण्यासाठी तो क्षणभर वर येतो, करड्या पाठीचा उंचवटा दिसतो आणि तो पुन्हा पाण्यात जातो. चित्रपटातल्यासारखी उंच उडी पाहण्याची अपेक्षा ठेवणाऱ्यांची त्यामुळे निराशा होते. एक पाठ दिसली की चार-पाच नौका इंजिनाचा धडधडाट करीत त्या दिशेने वळतात. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. त्याच्या दृष्टीने हा गोंगाट म्हणजे डोळ्यांवर झोत मारण्यासारखे आहे. हा प्राणीही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 'डॉल्फिन नक्की दाखवतो' अशी हमी देणाऱ्यापेक्षा इंजिन बंद करून थांबायला तयार असणारा नावाडी अधिक भरवशाचा समजावा.

किल्ला एका तासात?

या यादीत एक स्थळ असे आहे की, त्याची महती कितीही गायिली तरी ती कमीच पडावी. पण ते पाहण्याची पद्धत मात्र तोकडी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ मध्ये किल्ला पूर्ण झाला. सुमारे ४८ एकरांचा विस्तार, जवळपास तीन किलोमीटरची नागमोडी तटबंदी आणि ४२ बुरूज असलेला हा जलदुर्ग मालवणच्या धक्क्यावरून होडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. होडी साधारण तासाभरात परत निघते. तेवढ्या वेळात तटबंदीची फेरीही पूर्ण होत नाही. पर्यटक शिवराजेश्वर मंदिरात दर्शन घेतात, महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहतात आणि धावत धक्का गाठतात. होडी अगदी जवळ येईपर्यंत महाद्वार का दिसत नाही, चारही बाजूंना खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी कसे, हे प्रश्न विचारायलाही सवड नसते. उशिराच्या होडीने परतण्याचे आधीच ठरवून घेतले तर हीच सहल वेगळी ठरते.

जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात सिंधुदुर्ग आणि याच जिल्ह्यातील विजयदुर्ग यांचा समावेश आहे. मालवणच्याच राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला ३५ फुटी शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या जागी २०२५ मध्ये ६० फुटी नवा पुतळा उभारण्यात आला. घाईने उभारलेले आणि साडेतीन शतके लाटा झेलणारे बांधकाम यांतील अंतर येथे समोरासमोर दिसते.

थाळीतली सुरमई

मालवणी जेवणाची कीर्ती रास्त आहे. 'सुरमई किंवा पापलेट'चा हट्ट मात्र अनाठायी आहे. मागणी एवढी की किनाऱ्यावर रोज उतरणारी सुरमई पुरत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर यांत्रिक नौका समुद्रात जातच नाहीत. तेव्हा ताटात येणारा महागडा तुकडा बहुधा बर्फातला असतो. स्थानिक घरांतून आवडीने खाल्ले जाणारे तिरफळ घातलेले बांगडे, तारली, पेडवे, मुडदुशे किंवा तिसऱ्या स्वस्तही असतात आणि ताजेही. आज काय उतरले आहे, एवढाच प्रश्न खाणावळीत विचारला तर जेवण सुधारते आणि खिशालाही कात्री लागत नाही.

दोन घटनांचा धडा

मनोरंजन उद्यानात कठडा असतो, समुद्राला तो नसतो. १५ एप्रिल २०१७ रोजी वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडून मृत्युमुखी पडले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीनजीक स्कूबा आटोपून परतणारी नौका उलटली आणि दोन पर्यटकांना प्राण गमवावे लागले. दरवर्षी मेअखेरीस जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद केल्या जातात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. या बंदीला 'सहलीचा विरस' म्हणून नाके मुरडली जातात. जीवरक्षक जाकीट अंगात नीट बांधणे, नौकेवर परवान्याएवढीच माणसे आहेत ना हे पाहणे आणि ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडणे, या तीन गोष्टी प्रत्येकाला ठाऊक हव्यात.

घासाघिशीचे गणित

या साऱ्याचे खापर स्थानिकांवर फोडणे सोपे, पण अन्यायाचे आहे. पर्ससीन जाळ्यांविरुद्धच्या दीर्घ संघर्षात होरपळलेल्या पारंपरिक मच्छीमारांना पर्यटनाने पर्यायी रोजगार दिला. मात्र हंगाम मोजक्या महिन्यांचा आणि त्यातही गर्दी शनिवार-रविवारची. पर्यटक दरात घासाघीस करतो, तेव्हा डिझेलचा भाव कमी होत नाही. कमी होतो तो पाण्यावरचा वेळ. ठरलेल्या कमाईसाठी फेऱ्या वाढवाव्या लागतात, फेऱ्या वाढल्या की नांगर अधिक वेळा पडतो आणि सुरक्षेच्या सूचना आखूड होतात. दर थोडा अधिक घेऊन कमी माणसांना अधिक वेळ देणारे व्यावसायिकही येथे आहेत. गिऱ्हाइकाने आधी दर विचारायचा की वेळ, यावर ते टिकतील की नाही हे ठरणार आहे.

यादीतले एखादे कलम गाळले तर जिल्ह्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सन १५३० मध्ये बांधलेल्या धामापूरच्या तलावाला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे २०२२ पासून 'युनेस्को'च्या संभाव्य यादीत आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जिवंत आहे. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रांत दशावतार रंगतो, तो रात्रभर आणि तिकिटाविना.

एक दिवस अधिक आणि एक खेळ कमी, एवढा बदल केला तरी मालवणची सहल पालटू शकते. निघण्यापूर्वी निवासाची चौकशी जेवढ्या बारकाईने केली जाते, तेवढ्याच बारकाईने भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि ती वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. वाळूचा पट्टा केव्हा उघडा पडणार आणि पाणी केव्हा निवळणार, हे त्यावरच ठरते. मुंबई-पुण्यात बसून आखलेल्या वेळापत्रकात ते नसते. मालवणच्या नावाड्याला मात्र ते तोंडपाठ असते.