पीटर रॅबिटचं जॅकेट आणि एक अडचणीचं चित्र

जुन्या बालपुस्तकांतल्या बोलणाऱ्या प्राण्यांच्या चित्रांवर काम करायचं ठरवलं, की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं : कपडे घातले की प्राणी माणूस होतो, उतरवले की पुन्हा प्राणी. वाक्य सुटसुटीत आहे. बिअट्रिक्स पॉटरच्या ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ला ते लावून बघूया.

पॉटरने १८९३ मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातली ही गोष्ट. प्रकाशकांनी नाकारल्यावर तिने १९०१ मध्ये २५० प्रती स्वतःच्या खर्चाने छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली.

सुरुवातीला आपलं वाक्य चपखल बसतं. मॅकग्रेगर मागे लागतो तेव्हा पीटरचा एक बूट कोबीत पडतो, दुसरा बटाट्यांत. बूट गेल्यावर तो चार पायांवर पळतो आणि वेगही वाढतो! मग जॅकेटची मोठी बटणं जाळीत अडकतात, आणि जॅकेट टाकल्यावरच जीव वाचतो. उरतो तो निव्वळ ससा, शरीररचनेसकट अचूक. (पॉटरने घरचे ससे बारकाईने चितारले होते. बुरशीवरचा तिचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला होता. म्हणजे बाई गंमत म्हणून चित्रं काढणाऱ्यातल्या नव्हत्या.)

पण थोडं पुढे बंद दाराचं चित्र येतं. पीटरच्या अंगावर एक चिंधी नाही, तरी तो दोन पायांवर उभा आहे. एक पाऊल दुसऱ्यावर, डोळ्यांत पाणी. कपडे गेले, पण माणूसपण गेलं नाही. आपलं वाक्य इथे मोडतं, आणि माझ्या मते खरा रिसर्च क्वेश्चन इथेच सुरू होतो : उभं राहणं, रडणं, कपडे आणि बोलणं या चार वेगळ्या खुणा आहेत का?

त्याच चित्रात एक उंदीर आहे. पीटर तिला फाटकाची वाट विचारतो. तोंडात मोठा वाटाणा असल्यामुळे तिला बोलता येत नाही, ती नुसती मान हलवते. म्हणजे वाटाणा नसता तर ती बोलली असती! हे आपल्याला कळतं फक्त मजकुरातून. चित्रात दिसतो एक साधा, बिनकपड्यांचा उंदीर. तेव्हा ‘चित्रात प्राणी बोलतो’ असं लिहिण्याआधी ते मजकूर सांगतोय की चित्र, हे वेगळं करा. दोन रकाने आखा, एकात फक्त दिसतं ते, दुसऱ्यात फक्त लिहिलेलं.

आणि हाताशी असलेली आवृत्ती कोणती, तेही तपासा. १९०३ मध्ये रंगीत एंडपेपरसाठी जागा करताना वॉर्नने चार चित्रं गाळली. त्यातलं एक होतं मिसेस मॅकग्रेगर पाय वाढतानाचं, म्हणजे ज्या पायमध्ये पीटरचे वडील गेले तो पदार्थ. मजकुरात ते वाक्य राहिलं, ताट गेलं. कपडे घालणाऱ्या सशांच्या घरातला बाप माणसांच्या जेवणात मांस होतो, हे १९०२ च्या वाचकाला दिसत होतं. पुढच्या वाचकाला ते फक्त वाचावं लागलं.