कै. चालतं, मग भापूश्र का खटकतं?

साताऱ्यात राजवाड्याजवळ वर्तमानपत्रांच्या जाहिराती घेण्याचं आमचं दुकान आहे. लग्नाच्या, जागेच्या, नोकरीच्या जाहिराती हंगामाप्रमाणे येतात. निधनाच्या आणि पुण्यस्मरणाच्या मात्र बारा महिने चालू असतात. घरचा जावई नाहीतर पुतण्या येतो. रक्षाविसर्जनाची वेळ उद्याच्या अंकात यायला हवी असते, त्यामुळे घाई असते. खिशातून लग्नातला ग्रुप फोटो निघतो आणि "यातले हे कडेचे तेवढे कापून घ्या" असं सांगितलं जातं. मग दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीचं जुनं कात्रण पुढे येतं, "वहिनी, असंच करा, फक्त नाव बदला."

मध्यंतरी एक निवृत्त शिक्षक पत्नीच्या प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायला आले. मजकूर लिहून झाल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. बाई गेल्या त्या दिवसाचा ग्रुप त्यांनी जपून ठेवला होता. कुणीतरी पहिल्यांदा 'भापूश्र' लिहिलं होतं आणि खाली तेच उतरत गेलं होतं. मध्येच आरआयपी, ॐ शांती, हात जोडल्याची चित्रं. त्यातच कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक. सर अंगठ्यानं ते वर सरकवत राहिले आणि म्हणाले, "एवढ्या माणसांत हिचं नाव कुणीच लिहिलं नाही हो."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. भावपूर्ण श्रद्धांजली एवढे दोन शब्दही पुरते लिहू नयेत, हा गेलेल्या माणसाचा अपमान आहे का? माझ्याकडे येणारे बरेचजण 'आहे' म्हणतात, तेही चिडून. मला ते तितकंसं पटत नाही.

आमचा धंदाच आद्याक्षरांवर चालतो. जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरवर असतो, म्हणजे अक्षराला पैसा पडतो. कैलासवासीचं कै. झालं, स्वर्गीयचं स्व. झालं, वारकरी गेला की वै. ह. भ. प. लागतं. 'कै. लिहून आमच्या वडिलांचा अपमान केलात' अशी तक्रार घेऊन अजून कुणी दुकानाची पायरी चढलेलं नाही. सवयीचं झालेलं आद्याक्षर डोळ्याला पूर्ण शब्दासारखंच दिसतं.

ही रीत फार जुनी आहे. प्राचीन रोमन लोकांच्या थडग्यांच्या शिळांवर डोक्याशी डी. एम. ही दोन अक्षरं असायची, म्हणजे मृतात्म्यांच्या देवांना अर्पण. शेवटी कित्येकदा एस. टी. टी. एल. ही चार असायची, म्हणजे माती तुझ्यावर हलकी राहो. आरआयपी ही लॅटिन प्रार्थनेचीच आद्याक्षरं आहेत. ज्यूंच्या थडग्यांवर तव, नून, त्सादी, बेत, हे ही पाच हिब्रू अक्षरं कोरतात. गेलेल्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, अशी ती बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातून आलेली प्रार्थना आहे. कोकणातून मुंबईत आलेल्या आपल्या बेने इस्रायली मंडळींच्या दफनभूमीत हिब्रूच्या जोडीला मराठी मजकुराचे दगडही आहेत. आरआयपी पुरलेल्यांसाठी असतं, दहन केलेल्यांसाठी लिहू नये, असा एक संदेश सारखा फिरत असतो. ज्याला त्याला आपल्या धर्मातले शब्द जवळचे वाटणार, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्या शतकातले रोमन बहुतांशी प्रेतं जाळत आणि राखेच्या जागेवरही डी. एम. ही अक्षरं कोरत.

मग सरांना जे लागलं ते काय होतं? मला वाटतं, अक्षरं कमी पडल्याचं ते दुःख नव्हतं. रोमन शिळेवर प्रार्थनेची दोन-चार अक्षरं असत, पण त्यांच्याखाली मेलेल्याचं नाव येई, पुष्कळदा वय येई आणि शिळा कुणी बसवली तेही येई. लहान मूल गेलं असेल तर किती वर्षं, किती महिने, किती दिवस जगलं, इथपर्यंत हिशोब मांडलेला असे. सर्वांना ठाऊक असलेली प्रार्थना त्यांनी आखडती घेतली आणि वाचलेली जागा त्या एका जिवाला दिली. आपल्या ग्रुपवर ठरीव तेवढं उरतं आणि नेमकं माणूसच गळतं.

आपल्याकडे दुखवट्याला शब्द तसेही फारसे लागत नसत. समाचाराला गेलेला माणूस सतरंजीवर भिंतीशी टेकून बसतो. घरचं कुणी तरी एकदा सगळं सांगतं, रात्री जेवले, पहाटे छातीत कळ आली. पुढचा माणूस आला की तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं जातं, आणि आधी ऐकलेलेही ते पुन्हा ऐकतात. त्या सांगण्यानंच घरच्यांना थोडी उसंत मिळते. शेजारून पिठलं-भाकरी येते, कारण घरात चूल पेटलेली नसते. उठताना कुणी 'येतो' म्हणत नाही, नुसतं उठायचं आणि चालू पडायचं. तासाभरात मिळून चार वाक्यं झाली असतील, तरी कमी पडलं असं कुणाला वाटत नाही. माणूस स्वतः चालत आलेला असतो.

तारेतही तसंच होतं. शुभेच्छांची ठरीव वाक्यं तार ऑफिसात क्रमांकानं मिळत, आकडा लिहिला की पुरं वाक्य पोचायचं. दुःखाची तार शब्दाला पैसे पडतात म्हणून आखूड असायची. पण त्यासाठी तार ऑफिस गाठावं लागे, फॉर्म भरावा लागे. 2013 च्या जुलैत ती सेवा बंद झाली. आता बसल्या जागी बोट टेकवलं की श्रद्धांजली होते. पाय हलत नाहीत आणि पैसाही जात नाही, म्हणून सगळा भार शब्दांवर येतो. नेमके तेच आपण कापतो.

तरी 'भापूश्र' लिहिणाऱ्या प्रत्येकाला कोरडा ठरवू नये. आमच्या नात्यातले एक काका ऐंशीच्या पुढचे आहेत, बोटं थरथरतात, फोनवर जोडाक्षर काही केल्या उमटत नाही. ते एवढंच लिहितात आणि दहाव्याला एसटीनं हजर होतात.

नाव लिहा, हा हट्ट मी का धरते ते आमच्या जिल्ह्यातल्या दगडांवरून सांगते. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ कितीतरी वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला चंद्र-सूर्य. हे सगळं ठरलेलं, महाराष्ट्रभर साधारण असंच. बहुतेक वीरगळांवर लेखच नसतो. मान पुरा दिलाय, कसूर कुठेच नाही, पण त्यातला वीर कोण ते आज कुणाला सांगता येत नाही. इकडे संगम माहुलीला महाराणी येसूबाईंची समाधी नेमकी कोणती, हे अभ्यासकांना जुन्या कागदपत्रांवरून शोधावं लागलं. छत्रपतींच्या घरातल्या राणीची ही गत, मग शाळामास्तरांच्या बायकोची काय कथा?

सरांच्या फोनमध्ये ग्रुपबाहेरचा एक निरोप होता. त्यांच्याकडे पूर्वी धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी बोलून टाइप केलेला, निम्मे शब्द चुकलेले. सरांच्या पत्नीचं नाव घेऊन लिहिलं होतं, की त्यांनी माझ्या पोरीला ओट्यावर बसवून घड्याळ बघायला शिकवलं, ती आता एसटीत कंडक्टर आहे. सरांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. मी त्यांना ते जाहिरातीत घ्यायला सांगितलं. शोकाकुलांच्या यादीतली लांबची नावं काढली, तेवढ्या जागेत ते बसलं.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, गेलेल्याचं नाव लिहा आणि त्याची तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहा. ओळखच नसेल, मित्राचे सासरे असतील, तर उगाच पाल्हाळ नको, तिथे 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुरे. अशा वेळी मित्राला तेराव्यानंतर फोन करा. पाहुणे गावी गेलेले असतात आणि कागदपत्रांची कामं डोक्यावर असतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, दाखल्याच्या चार-पाच प्रती आधीच घेऊन ठेवाव्या लागतात, बँकेत, पेन्शनला, वीज बिलावरच्या नावासाठी, सगळीकडे तो दाखला मागतात. यातलं एखादं काम मी करून आणतो, असं त्याला विचारता येतं.