नापास कोण?

कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा तिच्याच दप्तरावरून घेतली, तर ती बहुधा उत्तीर्ण ठरते. कारण दप्तर तीच लिहीत असते. तिचा हेतू सफल झाला की नाही हे जाणावयाचे असेल, तर ज्याच्यासाठी ती उभारली त्याच्यापाशीच गेले पाहिजे. आपल्या प्राथमिक शिक्षणाचा अनुभव हेच सांगतो.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या १६ व्या कलमाने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली, तर २९ व्या कलमाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले. ही दोन्ही कलमे परस्परपूरक होती. मूल कोठे अडते हे वर्षभर पाहावे व तेथल्या तेथे हात द्यावा, म्हणजे नापास करण्याची वेळच येणार नाही, हा त्यामागील विचार. प्रत्यक्षात पहिले कलम सहज पाळले गेले, कारण त्यासाठी काहीच करावे लागत नव्हते. दुसरे अनेक ठिकाणी वर्णनात्मक नोंदींच्या वहीत अडकले. वही भरण्यात गुंतलेल्या शिक्षकाला हात देण्यास सवड कोठून मिळावी?

'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे 'असर' सर्वेक्षण वही मागत नाही. त्याचे स्वयंसेवक खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील ६ ते १४ वयाची सुमारे ९८ टक्के मुले पटावर होती. परंतु पाचवीतील निम्म्याहून थोडी अधिक मुले तो उतारा वाचू शकली नाहीत. हे दुखणे २०१० पूर्वीचेही आहे. तेव्हा सारा दोष १६ व्या कलमावर टाकणे न्याय्य नव्हे.

तरीही २०१९ च्या दुरुस्तीने बदलले ते तेच कलम. पाचवी व आठवीला परीक्षा, अनुत्तीर्णास जादा शिकवणी, दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि तीतही अपयश आल्यास मागे ठेवण्याची राज्यांना मुभा, असा हा क्रम आहे. महाराष्ट्राने तो २०२३ मध्ये स्वीकारला. परीक्षेला विरोध नाही. आजार कळण्यासाठी नाडी पाहावीच लागते. पण पाच वर्षे शाळेत बसूनही मुलाला वाचता आले नाही, तर त्या गुणपत्रिकेवर नाव कोणाचे असावे? फेरपरीक्षेपूर्वी त्याला कोणी, किती दिवस व काय शिकवले, हे विचारल्यावाचून त्याला मागे ठेवणे म्हणजे व्यवस्थेचे अपयश दहा वर्षांच्या पोराच्या नावे मांडणे होय.