ताकवले सर आणि नाशिकची वर्षं

2025च्या एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात 23वरून 56वर घसरलं. वर्तमानपत्रांतून हळहळ झाली, रिकाम्या पदांकडे बोट दाखवून झालं आणि विषय मिटला. मला मात्र याच विद्यापीठाचे एक जुने कुलगुरू आठवत राहिले. राम ताकवले.

मूळचे भौतिकशास्त्राचे. पुराणिकांसह लिहिलेलं त्यांचं यांत्रिकीचं पुस्तक एमएस्सीच्या मुलांच्या परिचयाचं. 1978 ते 1984 पुण्याचं कुलगुरुपद, पुढे दिल्लीत इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं; त्या काळातल्या समारंभांबद्दल आणि समित्यांबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. मला बोलायचंय ते मधल्या नाशिकबद्दल.

जुलै 1989मध्ये तिथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं आणि ताकवले पहिले कुलगुरू झाले. नव्वदच्या त्या दशकात मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवत होतो आणि रविवारी या विद्यापीठाचा समंत्रक (मार्गदर्शक) म्हणून अभ्यासकेंद्रावर जात होतो. समोर एसटीचे कंडक्टर, पोलीस शिपाई, लग्नामुळे शाळा सुटलेल्या बायका. दहावी-बारावी नसली तरी पूर्वतयारी पुरी करून बी.ए.ला बसता यायचं. पुस्तकं मराठीत, एकट्याने वाचता येतील अशी: आधी उद्दिष्टं, मध्ये प्रश्न, मागे उत्तरं. असं पुस्तक लिहिणं व्याख्यान देण्यापेक्षा कितीतरी अवघड, हे आमच्यातल्या नामवंतांना तिथे पहिल्यांदा कळलं असावं.

स्टाफरूममध्ये मात्र थट्टा चालायची. 'मुक्त म्हणजे कॉपीलाही मुक्त का हो?' असं विचारणारे दोघे-तिघे वर्षअखेरीला समंत्रकाच्या मानधनाचं बिल सगळ्यांत आधी टाकायचे. संस्थाचालकांचं वेगळंच. त्यांना अभ्यासकेंद्र म्हणजे फीची आणखी एक खिडकी. रविवारी वर्ग उघडायचा तर किल्ली कुणाकडे, इथपासून सुरुवात. ताकवल्यांची योजना इथेच लंगडी पडली, असं मला तेव्हाही वाटायचं. शिकणाऱ्यावर त्यांनी ठेवलेला विश्वास सार्थ ठरला. केंद्र चालवणाऱ्यांवर ठेवलेला तेवढा ठरला नाही.

त्यानंतरचं सुधारणांचं राजकारण कंटाळवाणं आहे. 2010च्या सुमारास राज्यातल्या उच्च शिक्षणावर अनिल काकोडकर, अरुण निगवेकर आणि खुद्द ताकवले यांच्या तीन समित्या बसल्या, 2016चा विद्यापीठ कायदा आला. त्यात विद्यार्थी निवडणुकांची तरतूद झाली. निवडणुका काही झाल्या नाहीत. 2021मध्ये उच्च शिक्षणमंत्र्याला प्र-कुलपती करायची दुरुस्ती आली, सरकार बदललं, ती गेली. कुलगुरू कोण नेमणार यावर जेवढी भांडणं झाली, त्याच्या शतांशानेही त्याच्या हाताखाली शिकवणार कोण यावर झाली नाहीत.

2023मध्ये ताकवले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण येऊन तोवर तीन वर्षं होत आली होती: मध्येच बाहेर पडा, पुन्हा आत या, श्रेयांक साठवा. प्रमाणपत्र, पदविका, पदवी अशी पायरीपायरीने चढायची सोय नाशिकला नव्वदच्या दशकातच होती. पण त्यामागे पुस्तकं होती, ती लिहिणारी माणसं होती, फिरतीवर येणारे अधिकारी होते. आता परिपत्रक येतं, पोर्टलची लिंक येते आणि श्रेयांकांचे तक्ते भरायला बसतात सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, तरुण प्राध्यापक, ज्यांचं जूनपासूनचं मानधन दिवाळीलाही निघालेलं नसतं.