महानगरातील एकाकी रुग्ण आणि चिकित्सेचा तिसरा पाद

मुंबईसारख्या महानगरात चिकित्सा करणाऱ्या वैद्याला एक अनुभव वारंवार येतो. रुग्ण अनिद्रा, मलावष्टंभ, अग्निमांद्य, अंगमर्द अशा तक्रारी घेऊन येतो. औषधाने थोडा आराम पडतो आणि पंधरा दिवसांनी तोच रुग्ण त्याच तक्रारींसह पुन्हा समोर बसतो. मात्रा बदलते, कल्प बदलतो, तक्रार मात्र तीच राहते. अशा काही रुग्णांच्या व्याधीमागे एकाकीपणा हा हेतू असतो, असे आमचे निरीक्षण आहे. गुडघा दुखतो हे सांगताना रुग्णाला संकोच वाटत नाही. बोलायला घरी कोणी नाही, हे सांगताना मात्र जीभ अडखळते. म्हणून हा हेतू वैद्यालाच शोधावा लागतो.

हा विषय आता केवळ कवी-लेखकांचा राहिलेला नाही. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपविली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींमागे एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रस्त आहे आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार इतकी आहे.

शास्त्राची दृष्टी

आपल्या शास्त्रकारांना ही गोष्ट अपरिचित नव्हती. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ भावांची गणना करताना रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. सद्वृत्तात, सुख एकट्याने भोगू नये, असा उपदेश आहे. वाग्भटाचार्यांचा भोजनविधी तर या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. अतिथी, बालके व गुरुजन यांना तृप्त करून, आश्रित पशुपक्ष्यांचीही विचारपूस करून, मग प्रियजनांसह भोजन करावे, असे ते सांगतात. त्याच ठिकाणी न बोलता जेवण्याचाही उपदेश आहे. यात विरोध नाही. आपल्या माणसांच्या पंक्तीतले मौन वेगळे आणि रिकाम्या घरातली शांतता वेगळी.

खानावळीपासून पार्सलपर्यंत

मुंबईत या पंक्तीचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेला कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत अनेकांसह राहत असे. अडचण पुष्कळ होती, भांडणेही होत. परंतु त्याचे जेवण खानावळवाल्या बाईकडे, गाववाल्यांच्या पंगतीत होई. तो आजारी पडला तर रिकाम्या पाटावरून चार जणांना कळत असे. याच खानावळवाल्या महिलांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. चाळीच्या सामाईक गॅलरीची जागा बंद दाराने घेतली. आज नोकरीसाठी आलेला तरुण रात्री उशिरा पार्सल मागवून मोबाइलसमोर जेवतो आणि त्याच इमारतीत, मुले परदेशी असलेले वृद्ध दांपत्य अथवा त्यांतील मागे राहिलेली एक व्यक्ती सकाळचेच अन्न पुन्हा गरम करते. दोघांचाही विषमाशनाचा इतिहास आपण केसपेपरवर लिहितो. त्याचे कारण लिहीत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना आम्ही सहज विचारले, "काका, रात्रीचे जेवण कोणाबरोबर होते?" ते हसून म्हणाले, "टीव्हीबरोबर, डॉक्टर." पत्नीच्या निधनानंतर त्यांची जेवणाची वेळ रात्री अकरावर गेली होती. खालच्या मजल्यावर त्यांच्यासारखेच एकटे राहणारे एक शेजारी होते. दोघांनी आठच्या सुमारास एकत्र जेवावे, एवढेच सुचविले. औषध तेच ठेवले. दोन महिन्यांत त्यांची झोप पुष्कळ सुधारली. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण प्रश्नपरीक्षेत एका प्रश्नाची भर घालण्यास एवढे पुरेसे आहे.

परिचारकाची उणीव

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी पाठ केले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. एकट्या राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तिसरा पादच नसतो, हे औषध लिहिताना लक्षात ठेवले पाहिजे. दोन वेळा ताजा काढा लिहून दिला, तर तो उकळणार कोण? पाठीला अभ्यंग सांगितले, तर पाठीपर्यंत हात कोणाचा पोहोचणार? अशा रुग्णाला काढ्याऐवजी वटी अथवा आसव-अरिष्ट द्यावे. स्नेहनासाठी आठवड्यातून एकदा चिकित्सालयात बोलवावे. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, वाचनालय, उद्यानातील सकाळचा योगवर्ग यांची माहिती आपल्या विभागापुरती टिपून ठेवावी आणि पथ्यापथ्याबरोबर लिहून द्यावी.

औषधी दुकानदार बंधूंचे स्थान यात फार मोलाचे आहे. कित्येक वृद्धांचे दिवसभरातले एकमेव संभाषण आपल्या काउंटरवर घडते. दर आठवड्याला रेचक चूर्णाची डबी नेणाऱ्या आजींना, "आजी, जेवण होते ना वेळेवर?" एवढे विचारावे. नेहमीचे गिऱ्हाईक महिनाभर दिसले नाही, तर एक फोन करावा. औषध घरपोच देणाऱ्या मुलालाही दारात दोन शब्द बोलण्यास सांगावे.

मात्र एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. सारेच रुग्ण केवळ एकाकी नसतात. जगण्यात अर्थ नाही असे जो बोलतो, ज्याचे वजन झपाट्याने घटते, जो अन्न टाळतो किंवा ज्याची स्मृती ढासळते, त्याला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. सत्त्वावजयाच्या नावाखाली कालहरण करू नये. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावावेत.

वैद्याने रुग्णाचे कुटुंब व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तेवढा वेळही कोणापाशी नाही. परंतु वैद्याच्या वृत्तीत आचार्यांनी मैत्री प्रथम सांगितली आहे. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक नव्या रुग्णाच्या केसपेपरवर 'घरी कोण असते' आणि 'जेवण कोणाबरोबर होते' या दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत आणि आलेले अनुभव या त्रैमासिकाकडे जरूर पाठवावेत, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.